तोंडओळखीपासून भरवशापर्यंत: छोट्या उद्योजकाने व्यावसायिक ओळखी कशा बांधाव्यात आणि कशा टिकवाव्यात

भोसरी एमआयडीसीतल्या माझ्या गाळ्यात चार मशिन्स आहेत, दोन सीएनसी लेथ आणि दोन व्हीएमसी (दोन्ही संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारी, धातू कापून पार्ट घडवणारी यंत्रं). काही वर्षांपूर्वी एका गुरुवारी रात्री साडेनऊला त्यातल्या एका व्हीएमसीचं स्पिंडल बेअरिंग गेलं आणि मशीन बंद पडलं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत चाकणला दीडशे हाउसिंग (पार्टची बाहेरची कवचं) पोचवायची होती आणि तयार होती साठ. दुसऱ्या व्हीएमसीवर ते काम बसत नव्हतं. मी तीन फोन केले. पहिला म्हणाला, माझं मशीन भरलंय, पण अमक्याचं रात्रपाळीत रिकामं असतं, मी सांगतो त्याला. तो अमका म्हणाला, "फिक्स्चर (पार्ट पकडायची चौकट) आणि प्रोग्रॅम घेऊन या, मशीन सकाळी सातपर्यंत तुमचं." तिसरा फोन तळवड्याच्या बेअरिंगवाल्याला. त्याने रात्री अकराला शटर वर केलं. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता माल गिऱ्हाइकाच्या गेटवर होता.

या तिघांपैकी एकही माझा नातेवाईक नाही की वर्गमित्र नाही. आणि त्याच्या दहा-बारा वर्षं आधी ही वेळ आली असती, तर माझ्याकडे फोन लावायला कुणीच नव्हतं. तेव्हा माझं जवळजवळ सगळं काम एकाच कंपनीचं होतं. तिथल्या पर्चेसच्या साहेबांपलीकडे मी कुणाला ओळखत नव्हतो, आणि ओळखायची गरजही वाटत नव्हती. त्या कंपनीने तो पार्ट बंद केला, एका मेलवर काम संपलं, आणि पुढचे सात महिने मी मशिन्सवर कापड टाकून बसलो होतो. काम मागायला जायचं कुणाकडे, हेच कळत नव्हतं.

त्या सात महिन्यांनी मला जे शिकवलं ते इथे क्रमाने लिहितो आहे. उदाहरणं माझ्या धंद्यातली, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या जॉबवर्कची (दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट त्यांच्या ड्रॉइंगप्रमाणे बनवून देण्याची) आहेत. तुम्ही सीए असा, केटरिंग करत असा किंवा सॉफ्टवेअरची छोटी कंपनी चालवत असा, पायऱ्या फार बदलणार नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की तुम्हाला किती लोक ओळखतात याने फरक पडत नाही. तुमच्या पाठीमागे, तुम्ही खोलीत नसताना, तुमचं काम नेमकं काय आहे हे किती लोक दुसऱ्याला सांगू शकतात आणि "माणूस शब्दाचा पक्का आहे" असं किती जण म्हणतील, त्याने पडतो.

पहिली पायरी: आहे त्या ओळखींचा हिशोब मांडा

नव्या ओळखी करायला बाहेर पडण्याआधी एक शनिवार दुपार घरी बसा. टॅलीतून (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून) गेल्या तीन वर्षांतल्या सगळ्या गिऱ्हाइकांची यादी काढा. प्रत्येक नावापुढे लिहा: हे काम माझ्यापर्यंत कुणामुळे आलं? "असंच आलं" हे उत्तर चालणार नाही. असंच काही येत नाही. कुणीतरी कुणाला तरी तुमचं नाव सांगितलेलं असतं. त्या माणसापर्यंत मागे मागे जा.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा अकरा गिऱ्हाइकांची नावं समोर होती. घरोब्याच्या माणसांकडून आलेली त्यात दोनच. सात कामं अशा लोकांकडून आली होती ज्यांना मी वर्षातून एक-दोनदा भेटत होतो: टूल विकायला येणारा एक प्रतिनिधी, हीट ट्रीटमेंटवाले काका, एक जुने क्वालिटी इन्स्पेक्टर. मला आश्चर्य वाटलं, पण हे फक्त माझ्याच बाबतीत घडलेलं नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली हीच गोष्ट मांडली होती. बॉस्टनजवळच्या एका उपनगरात नोकरी बदललेल्या लोकांना त्याने विचारलं की ज्याच्या ओळखीने नोकरी मिळाली त्याला तुम्ही किती वेळा भेटत होता? वरचेवर म्हणणारे १६.७ टक्के निघाले. अधूनमधून म्हणणारे ५५.६ टक्के, आणि क्वचितच म्हणणारे २७.८ टक्के. कारण साधं आहे. आपल्या रोजच्या मित्रांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं, सगळे एकाच टपरीवर चहा पितात. नवी बातमी येते ती दुसऱ्या टपरीवर उठबस असलेल्या माणसाकडून.

आपल्याकडे या नात्याला फार सुंदर शब्द आहे, तोंडओळख. हा शब्द आपण थोडा कमी लेखून वापरतो, "नाही हो, नुसती तोंडओळख आहे." धंद्यात ही तोंडओळखच नवं काम आणते. घरोबा उपयोगी पडतो तो अडचणीत, रात्री साडेनऊला. दोन्ही लागतात, पण कशाकडून काय मिळतं हे वेगळं ठेवा.

दुसरी पायरी: रिकाम्या खुर्च्या शोधा

आता यादीतली माणसं गटांत टाका. माझे गट असे आहेत: काम देणारे, माझ्यासारखंच काम करणारे, माझ्या आधीची आणि नंतरची प्रक्रिया करणारे (कास्टिंग, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, ग्राइंडिंग), पैशाचे लोक (बँकेचे मॅनेजर, सीए), नियमांचे जाणकार (जीएसटी, कारखान्यांचे कायदे, प्रदूषण मंडळ), आणि शेवटी ज्यांचा माझ्या धंद्याशी काहीच संबंध नाही असे.

ज्या गटात दोनपेक्षा कमी नावं आहेत ती तुमची रिकामी खुर्ची. माझ्याकडे "माझ्यासारखंच काम करणारे" या गटात एकही नाव नव्हतं. मी त्यांना स्पर्धक समजून चार हात लांब राहत होतो. ही माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. जॉबवर्कच्या धंद्यात शेजारचा गाळेवाला तुमचं काम पळवतो त्यापेक्षा जास्त वेळा तो तुम्हाला काम देतो: त्याचं मशीन भरलेलं असतं, किंवा आलेलं ड्रॉइंग त्याच्या मशीनच्या मापाबाहेरचं असतं, किंवा लॉट त्याला फार लहान पडतो. गिऱ्हाइकाला "जमणार नाही" म्हणण्यापेक्षा "आमच्या शेजारी पाठवतो" म्हणणं त्यालाही बरं वाटतं.

या वर्षी भरायच्या दोनच खुर्च्या निवडा. सगळीकडे हात घातला की कुठेच पाय रुतत नाही.

तिसरी पायरी: तुमचं काम दुसऱ्याला सांगता येईल असं करा

"आम्ही सर्व प्रकारची जॉबवर्कची कामं करतो." हे वाक्य माझ्या पहिल्या व्हिजिटिंग कार्डवर होतं. ऐकणाऱ्याच्या डोक्यात त्यातून काही उरत नाही. त्याला उद्या कुणी विचारलं तर तो तुमचं नाव घेईल कशावरून?

आता मी असं सांगतो: "एसएस (स्टेनलेस स्टील) आणि ॲल्युमिनियमचे, हातात मावतील एवढे व्हीएमसी पार्ट. पन्नास ते पाचशे नगांचे लॉट, वीस मायक्रॉनपर्यंत अचूक. मोठ्या कंपन्यांना जे लॉट लहान म्हणून नको असतात ते आम्ही घेतो." यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त काम आणतं, कारण ते ऐकल्यावर समोरच्याला लगेच कुणीतरी आठवतं.

तुमचं वाक्य लिहा आणि धंद्याबाहेरच्या माणसाला, बायकोला, मेव्हण्याला, सांगून बघा. दोन दिवसांनी विचारा, मी काय करतो? त्याला बऱ्यापैकी सांगता आलं तर वाक्य जमलं. नाही तर पुन्हा लिहा. मी चार वेळा लिहिलं.

आणि त्या वाक्याखाली पाया भक्कम हवा. ड्रॉइंग आलं की चोवीस तासांत कोटेशन. फोन चुकला तर त्याच दिवशी उलटा फोन. जीएसटीचं रिटर्न वेळेवर: दर महिन्याला भरणाऱ्यांनी ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) भरलं नाही, तर गिऱ्हाइकाच्या त्या महिन्याच्या २बी मध्ये (त्याच्या टॅक्स क्रेडिटच्या यादीत) तुमचं बिल दिसत नाही आणि त्याचं क्रेडिट अडकतं. मग त्याच्या अकाउंट्सकडून फोन जातो तो ज्याने तुमचं नाव सुचवलं त्याला. तुमची ओळख करून देताना माणूस स्वतःची पत गहाण ठेवत असतो.

चौथी पायरी: एक-दोन ठिकाणी जा, पण जात राहा

महाराष्ट्रात उद्योजकांच्या संस्थांची कमतरता नाही. पुण्यात मराठा चेंबर १९३४ पासून आहे. संपूर्ण राज्यासाठी असलेल्या महाराष्ट्र चेंबरची सुरुवात १९२७ साली वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने झाली. नाशिकला निमा, छत्रपती संभाजीनगरला सीएमआयए आणि मसिआ, कोल्हापूरला शिरोलीची स्मॅक आणि गोकुळ शिरगावची गोशिमा. मराठी उद्योजकांनी एकमेकांना काम द्यावं म्हणून माधवराव भिडे यांनी सुरू केलेला सॅटर्डे क्लब गावोगाव पोचला आहे. दलित उद्योजकांसाठी मिलिंद कांबळे यांनी पुण्यात २००५ मध्ये डिक्की उभी केली. बीएनआय ही मूळ अमेरिकेतली संस्था, १९८५ ची. तिच्या एका चॅप्टरमध्ये (शाखेत) एका व्यवसायाचा एकच सभासद असतो आणि दर आठवड्याला बैठक होते.

निवडताना तीन गोष्टी बघा. तिथे तुमच्या रिकाम्या खुर्चीतली माणसं येतात का? बैठकीची वेळ तुमच्या पाळीत बसते का? आणि वर्षाची फी, पेट्रोल, गेलेला वेळ हे सगळं धरून खर्च झेपतो का? आठवड्याच्या बैठकीची शिस्त वकील, विमा सल्लागार, इंटिरियरवाले यांना चांगली मानवते, कारण त्यांचं गिऱ्हाईक कुणीही असू शकतं. माझं गिऱ्हाईक मोजकं आणि तांत्रिक आहे, म्हणून मला एमआयडीसीतली संघटना आणि चेंबरची प्रशिक्षणं जास्त उपयोगी पडली. दुसऱ्याचं बघून पावती फाडू नका. आधी पाहुणा म्हणून दोन बैठकांना बसा.

सभासद झालात की एक काम अंगावर घ्या. चर्चासत्राची खुर्च्या-माइकची व्यवस्था, सभासदांची यादी अद्ययावत करणं, वक्त्याला स्टेशनवरून आणणं, काहीही. मी दोन वर्षं नोंदणीच्या टेबलावर बसलो. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, कंपनी आणि काम मला विचारावंच लागायचं, आणि त्यांनाही माझा चेहरा लक्षात राहायचा. माझ्यासारख्या बुजऱ्या माणसाला यासारखी जागा नाही, कारण बोलायला निमित्त आयतं मिळतं.

प्रदर्शनांचं तंत्र वेगळं आहे. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमधली प्रदर्शनं असोत की बंगळूरचं मशीन टूल्सचं इमटेक्स, नुसतं फिरून पिशवीभर कॅटलॉग आणण्यात काही हशील नाही. जाण्याआधी प्रदर्शकांची यादी बघून दहा स्टॉल ठरवा. गर्दीच्या वेळी जाऊ नका. दुपारी जेवणानंतर स्टॉलवरची माणसं जरा मोकळी असतात. "तुम्ही काय करता?" याऐवजी "या पार्टला तुम्हाला कुठे त्रास होतो?" असं विचारा. बाहेर पडल्यावर लगेच कार्डाच्या मागे दोन ओळी लिहा: काय बोलणं झालं, मी काय पाठवतो म्हणालो. हॉटेलवर जाऊन लिहू म्हणालात तर चेहरे आणि कार्डं यांची सरमिसळ झालेली असते.

पाचवी पायरी: पहिले दोन दिवस

ओळख झाली आणि दोन दिवसांत काही घडलं नाही तर ती ओळख बहुधा विझते. मी पाठवतो तो निरोप असा असतो:

"नमस्कार साहेब, काल ऑटो क्लस्टरला दुपारी भेट झाली, भोसरीचा व्हीएमसीवाला. पातळ भिंतीच्या ॲल्युमिनियम पार्टला क्लॅम्पिंगमध्ये डिस्टॉर्शन येतं म्हणाला होतात. आम्ही तसल्याच पार्टसाठी सॉफ्ट जॉ वापरले, फोटो सोबत पाठवतो. उपयोग झाला तर कळवा."

यात काम मागितलेलं नाही, दरपत्रक नाही, कंपनीची चाळीस पानी पीडीएफ नाही. त्यांची अडचण (पकडीत घट्ट धरताना पार्ट वाकतो) मी ऐकली होती, एवढंच त्यातून कळतं. लिंक्डइनवर विनंती पाठवायची तर तीही याच वेळी पाठवा, आणि कुठे भेटलो ती एक ओळ लिहूनच.

सहावी पायरी: आधी द्या

छोट्या माणसाकडे द्यायला काय असतं, असं बरेच जण विचारतात. पुष्कळ असतं. चांगला वेल्डर मोकळा झाल्याची बातमी असते. अमुक कंपनी पैसे वेळेवर देते हा अनुभव असतो. मशीनवरच्या अनुदानाच्या योजनेची मुदत संपत आल्याची आठवण असते. सेकंडहँड कॉम्प्रेसर कुठे विकायला आहे ते असतं. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे दोन माणसांची गाठ घालून देणं.

ही गाठ घालायची एक रीत आहे आणि ती पाळलीत तर दोघंही तुमचं नाव काढतात. आधी दोघांना वेगवेगळं विचारा. "एकाला नायट्रायडिंगची गरज आहे, महिन्याला साधारण दोनशे किलो. तुमचा नंबर देऊ का?" हो म्हणाले तरच पुढे जा. मग दोघांना एकत्र एक निरोप पाठवा: हे कोण, ते कोण, कशासाठी जोडतो आहे, आणि पहिला फोन कुणी करायचा. त्यानंतर बाजूला व्हा. आठवड्याने दोघांना एकदा विचारा, बोलणं झालं का? न विचारता नंबर वाटत सुटणाऱ्याचा फोन लोक उचलेनासे होतात.

ज्याची तुम्हाला खात्री नाही त्याची शिफारस करू नका. "मी यांच्याबरोबर काम केलेलं नाही, पण माणूस बोलायला सरळ वाटला" असं स्पष्ट म्हणा. मी एकदा भीडेखातर एका प्लेटिंगवाल्याचं नाव पुढे केलं. त्याच्याकडून आलेल्या मालाला महिन्याभरात गंज चढला. ज्यांना मी तो सुचवला होता ते मला काही बोलले नाहीत, पण नंतर दोन वर्षं त्यांनी मला काहीच विचारलं नाही. ती दोन वर्षं मी मोजली आहेत.

सातवी पायरी: मागायला शिका

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण आपल्या घरांतून आलेल्या बहुतेकांचं अडतं ते इथेच. "कसं विचारायचं? बरं दिसत नाही." काम मागणं म्हणजे हात पसरणं, असं नोकरदार घरात वाढलेल्याला वाटतं. माझे वडील कारखान्यात फिटर होते. त्यांनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही आणि त्याचा त्यांना अभिमान होता. तो अभिमान घेऊनच मी धंद्यात आलो, आणि ते सात महिने मशिन्स झाकून बसलो. भीड भिकेची बहीण ही म्हण मला लहानपणापासून पाठ होती, तिचा अर्थ त्या सात महिन्यांत कळला.

मागण्यात कमीपणा तेव्हा येतो जेव्हा मागणं मोघम असतं. "साहेब, काही काम असलं तर बघा ना" या वाक्याने समोरचाही अवघडतो, कारण त्याने नेमकं करायचं काय तेच त्याला कळत नाही. तो "हो हो, बघतो" म्हणतो आणि विसरतो. त्याऐवजी असं म्हणा:

"तुमच्या कंपनीत पंपाच्या लाइनला एसएसचे छोटे पार्ट लागतात. ते कोण बघतं, एवढं नाव मला सांगाल का? तुमचं नाव घेऊ की नको, तेही सांगा. आत्ता योग्य वेळ नसेल तर तसंही चालेल."

मागणं छोटं आहे, नेमकं आहे, आणि नाही म्हणायला वाट ठेवलेली आहे. अशा मागण्याला लोक सहसा उत्तर देतात. नाही म्हणाले तर आभार माना आणि संबंध होता तसाच ठेवा, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. आणि त्यांनी नाव दिलं, तर पुढे काय झालं ते त्यांना जाऊन सांगा, काम मिळालं नाही तरीही. हे शेवटचं बहुतेक जण करत नाहीत. ज्याने मदत केली त्याला महिनोन्महिने पत्ताच नसतो की पुढे काय झालं, आणि मग "गरज सरो वैद्य मरो" असं त्याच्या मनात आलं तर चूक त्याची नाही.

आठवी पायरी: वही ठेवा

मोबाइलमध्ये दोन हजार नंबर असतात, पण तेवढी नाती कुणालाच सांभाळता येत नाहीत. रॉबिन डनबार या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाचा अंदाज आहे की माणूस साधारण १५० जणांशी खरा संबंध ठेवू शकतो, आणि त्यातही आतली वर्तुळं लहान होत जातात: ५०, १५, ५. आकड्यावर वाद होऊ देत, मला तो नियोजनाला उपयोगी पडतो. माझ्या वहीत साठ नावं आहेत. पंधरा जणांशी महिन्यातून एकदा बोलणं होतंच, बाकीच्यांशी तीन-चार महिन्यांतून एकदा.

वही साधी, शंभर पानी. एका पानावर एक माणूस. बेअरिंगवाल्याचं पान असं आहे:

"तळवडे. भेट: ऑटो क्लस्टर, नोंदणी टेबल. दुकान वडिलांचं, आता हे बघतात. मुलगी डिप्लोमा मेकॅनिकल, दुसरं वर्ष. जुलै: रात्री अकराला बेअरिंग दिलं, जादा पैसे घेतले नाहीत. ऑगस्ट: मुलीला इन-प्लांट ट्रेनिंगसाठी आपल्याकडे विचारलं, चार आठवडे आली. डिसेंबर: चिखलीच्या गिअरबॉक्सवाल्याशी गाठ घालून दिली."

एक्सेलमध्ये ठेवलं तरी चालेल. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी वही उघडतो, ज्यांच्याशी बरेच दिवस बोलणं नाही अशी पाच नावं काढतो आणि फोन करतो. निमित्त लागतं, पण ते खरं हवं: त्यांच्या भागातली बातमी, त्यांनी मागे सांगितलेल्या गोष्टीची चौकशी. सकाळी सकाळी फुलांचे सुप्रभात संदेश पाठवणं म्हणजे संपर्क ठेवणं नव्हे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीच्या पूजेला मात्र मी वीस-पंचवीस जणांना गाळ्यावर बोलावतो. मशिन्सना झेंडू, सगळ्यांना पेढे, अर्धा तास गप्पा. काम देणारे, काम घेणारे आणि बँकेचे साहेब एकाच ठिकाणी उभे राहून बोलतात, आणि त्यातून दर वर्षी दोन-तीन ओळखी माझ्या मध्यस्थीशिवाय जुळतात.

एक गोष्ट वहीत लाल पेनाने लिहिलेली असते: कुणी नोकरी बदलली. पर्चेस आणि क्वालिटीची माणसं कंपन्या बदलत असतात. ते निघून गेले की बहुतेक व्हेंडर नव्या साहेबांच्या केबिनकडे वळतात आणि जुन्यांना विसरतात. तुम्ही जुन्या साहेबांना नव्या ठिकाणी पहिल्या महिन्यातच फोन करा, काम न मागता. त्या वेळी त्यांनाही तिथे ओळखीचं कुणी नसतं. माझी तीन चांगली गिऱ्हाइकं अशीच, माणसाच्या मागोमाग आलेली आहेत.

नवी ओळख टिकते कशाने: वाईट बातमी

चांगली बातमी द्यायला सगळेच फोन करतात. माल उशिरा जाणार आहे, बोअर (पार्टमधलं भोक) ओव्हरसाइझ झाला आहे, हे गिऱ्हाइकाला त्याच्या इन्स्पेक्शनमध्ये कळण्याआधी तुमच्याकडून कळलं पाहिजे. "चाळीस नग गेले, चूक आमची, मटेरियल आमच्याकडचं लावतो, सोमवारऐवजी बुधवारी देतो." असा फोन करताना पोटात गोळा येतो. पण माझ्या अनुभवात असा फोन केल्यामुळे गिऱ्हाईक कधी गेलं नाही. लपवल्यामुळे एक गेलं आहे.

सीमा कुठे आखायच्या

एकाचं ड्रॉइंग दुसऱ्याला दाखवायचं नाही, मित्र असला तरी नाही. मशीन उसनं घ्यायची वेळ आली तर ड्रॉइंग त्यांच्या हातात न देता स्वतःचा ऑपरेटर पाठवायचा, आणि गिऱ्हाइकाला आधी कल्पना द्यायची. त्या गुरुवारी रात्री मी फिक्स्चर उचलण्याआधी चाकणला फोन केला होता. शेजाऱ्याचा कामगार त्याला न विचारता घ्यायचा नाही. संघटनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "सगळ्यांनी मिळून तासाचा एकच रेट लावू" अशी चर्चा सुरू झाली तर त्यातून बाहेर पडा, कारण आपसात संगनमताने दर ठरवणं २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या विरुद्ध आहे. दिवाळीची भेट देण्याआधी समोरच्या कंपनीचं धोरण विचारा. मिठाईचा बॉक्ससुद्धा कुणाला अडचणीत आणू शकतो. पाकीट द्यावं लागत असेल तर ती ओळख वहीतून काढा. तो माणूस उद्या पकडला गेला की तुमचंही नाव निघतं.

आणि पैसे. संबंध आहेत म्हणून थकलेली उधारी मागायची नाही, ही समजूत सोडा. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून तुमची उद्यम नोंदणी असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने गिऱ्हाइकाला माल स्वीकारल्यापासून ठरल्या मुदतीत पैसे देणं बंधनकारक आहे, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी ठरलेलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४३ बी एच) उत्पादक आणि सेवा देणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च गिऱ्हाइकाला त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच करता येतो. म्हणून प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा. तिसाव्या दिवशी अकाउंट्सला साधा आठवणीचा निरोप, चाळिसाव्या दिवशी पर्चेसच्या साहेबांना फोन, आणि भाषा अशी: "साहेब, ४५ दिवस होत आलेत, तुमच्या ऑडिटलाही अडचण नको." त्यांच्या सोयीची गोष्ट असल्याने ते चिडत नाहीत. एमएसएमई कायद्याखालच्या, थकलेल्या पैशांच्या तक्रारी ऐकणाऱ्या फेसिलिटेशन कौन्सिलकडे तक्रार करायचा मार्ग आहे. पण तिथे गेलात की त्या गिऱ्हाइकाशी नातं बहुतेक संपतं, हे धरूनच जा.

तुटलेलं पुन्हा जोडताना

वहीत काही पानं अशी असतात की तिकडे बघवत नाही. चार वर्षं फोन नाही, आणि आता काम पडलंय. अशा वेळी कारणं सांगत बसू नका. "बरेच दिवस फोन केला नाही, माझंच राहून गेलं. आज एका कामासाठी करतोय, पण आधी तुमचं कसं चाललंय सांगा" एवढं पुरतं. जे त्या प्लेटिंगच्या प्रकरणात दुरावले होते, त्यांच्याकडे मी शेवटी फोन न करता समोर जाऊन बसलो. म्हणालो, त्या वेळी मी खात्री न करता नाव दिलं, माझी चूक झाली. त्यांनी चहा मागवला. काम लगेच मिळालं नाही. पुढच्या खंडेनवमीला ते आले.

पुढच्या पिढीच्या हातात देताना

मशीन मुलांच्या नावावर करता येतं, ओळखी तशा होत नाहीत. गेल्या वर्षी माझी मुलगी धंद्यात आली. या क्षेत्रात बायका अजून कमी दिसतात, आणि पुष्कळ ओळखी कामानंतरच्या रात्रीच्या जेवणांत होतात, जिथे तिला जायचं नसतं. म्हणून आम्ही भेटी दिवसा ठेवल्या. महिन्याला दोन. पहिल्या भेटीत मी बोलतो. दुसऱ्यांदा ती बोलते आणि मी गप्प बसतो, जे मला कठीण जातं. तिसऱ्यांदा ती एकटी जाते. कोटेशन आता तिच्या मेलवरून जातं आणि मला फक्त प्रत येते. वहीत तिचं अक्षर वेगळ्या शाईत आहे. हीट ट्रीटमेंटवाल्या काकांच्या पानावर तिने परवा लिहिलंय: "नवीन व्हॅक्यूम फर्नेस घेताहेत, मार्चपासून चालू. आपल्या एसएसच्या पार्टसाठी ट्रायल विचारायची."